लतीफा आपाचा विसरभोळा कोल्हा

मंगरूळपीरच्या तहसील कचेरीमागच्या गल्लीत एक दुकान आहे. दहा बाय बाराची खोली. डाव्या अंगाला तय्यबचं शिलाई मशीन, उजव्या अंगाला त्याच्या बायकोचा, म्हणजे लतीफाचा, कॉम्प्युटर. मधे पडदा नाही की फळी नाही, त्यामुळे उजवीकडे उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरायला आलेली बाई जाता जाता डावीकडे मापाचं ब्लाउजही टाकून जाते. दारावरच्या पाटीवर तीन ओळी आहेत. सर्व प्रकारचे ऑनलाइन अर्ज भरून मिळतील. अंगठ्याचे काम होत नाही. येथे कोणाचेही काहीही लक्षात ठेवल्या जात नाही.

नवखा माणूस तिसरी ओळ वाचून हसतो. दुकानदारानं आपल्याच दारावर आपण विसरभोळे असल्याचं लिहून ठेवावं, हे जरा अतीच झालं. पण मानोऱ्याच्या बसमधून उतरलेल्या बाया चौकातली चार झकपक सेंटरं मागे टाकून इथवर पायी येतात, त्या याच ओळीसाठी.

लतीफा पंचेचाळिशीची. बारावीपर्यंत शिकलेली, आवाज खणखणीत, आणि हट्ट म्हणाल तर तिनं एकदा नाही म्हटलं की तय्यब कात्री खाली ठेवून विषय बदलतो. कॉम्प्युटरशी तिचं काही जन्माचं नातं नव्हतं. ते जुळलं तीन वर्षांपूर्वी, आणि तेही रागातून.

त्या वर्षी तिची मुलगी जिकरा बारावी झाली होती. गुण चांगले होते, पोरीला औषधांच्या पदविकेला जायचं होतं. अर्ज भरला चौकातल्या तौकीरच्या सेंटरात. तौकीर पोरगा वाईट नव्हे. तिशीतला, मनमिळाऊ, लतीफाला खाला, म्हणजे मावशी, म्हणणारा. पण त्याच्या दारात रांग असायची आणि हात वाऱ्यासारखा चालायचा. त्यानं मोबाइल नंबराचे पहिले चार आकडे टाकले आणि त्याच्या मशीननं पुढचे सहा आपल्या आठवणीतून भरून दिले. आपल्याकडे गावोगावच्या सिमकार्डांचे पहिले चार-पाच आकडे सारखेच, त्यामुळे बघणाऱ्यालाही शंका आली नाही. नंबर निघाला आदल्या दिवशी येऊन गेलेल्या कुण्या पोरीचा. निवडीचा मेसेज तिच्या मोबाइलवर गेला, तिनं तो पुसून टाकला असेल. इकडे जिकरा मेसेजची वाट पाहत बसली. हजर व्हायची मुदत तीन दिवसांची होती. यादी लागल्याचं कळलं पाचव्या दिवशी.

"खाला, मशीननं भरलं, मी काय करू?" तौकीर म्हणाला होता.

लतीफानं त्याला काय काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पुढच्या वर्षी यादीत लागायचे गुणच वर सरकले, जिकराचा नंबर लागला नाही, आणि पोरगी मुकाट्यानं गावातच बीएस्सीला गेली. लतीफानं मात्र तौकीरच्या दुकानाची पायरी पुन्हा चढायची नाही अशी शपथच घेतली.

तिचा धाकटा भाऊ अल्ताफ पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. त्यानं कुठल्याशा कचेरीतून भंगारात निघालेलं एक मशीन ईदला येताना आणलं आणि त्यात एक ब्राउझर टाकून दिला. ब्राउझर म्हणजे इंटरनेटची पानं उघडायचं दार. या दारावरचं चित्र गोळ्याला शेपटीनं विळखा घालून पडलेल्या तांबड्या कोल्ह्याचं, म्हणून गल्लीत त्याचं नाव कोल्हाच पडलं.

"आपा, हा फुकट हाय," अल्ताफनं सांगितलं. "अन् याच्या आतलं सगळं लिखाण दुनियेसाठी खुलं हाय. कोणीबी वाचावं, चूक दिसली त सांगावं, जमलं त दुरुस्त करावं."

"फुकट? मंग करणाऱ्याचं घर कसं चालते?"

"काहीजणांले पगार हाय, बाकीचे आपल्या खुशीनं करते. हे मराठी पाह्य ना, हे बी लोकायनंच करून देल्लं."

लतीफाला ते पटेना. पटवलं तय्यबनं. त्यानं शिवत असलेला सदरा उलटा करून तिच्यापुढे धरला. "दुकानातला रेडीमेड शर्ट वरून चकाचक असते, आत पाह्यलं त धागे लोंबतेत. हा कोल्हा उलटा करून शिलाई दाखवून राह्यला. ज्याले पाह्याचं त्यानं पाह्यावं. यात काय वाईट हाय?"

लतीफाला मनापासून आवडलं ते वेगळंच. अल्ताफनं एक खूण करून दिली होती. कोल्हा बंद केला की दिवसभराचं सगळं विसरायचा. कोण आलं, कुणाचा नंबर काय, पासवर्ड काय, काही शिल्लक नाही. नवीन माणूस खुर्चीवर बसला की पाटी कोरी. शिवाय जाहिराती अडवणारं एक जोडकाम त्यात बसवलं होतं, त्यामुळे शिष्यवृत्ती शोधायला जावं आणि भलत्याच बनावट पानावर आधार नंबर देऊन बसावं, हा प्रकारही बराच थांबला. म्हाताऱ्यांना अक्षरं मोठी करून दाखवता येत.

पण तिचा एवढ्यावरही विश्वास नव्हता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिनं आपला एक नियम घातला. अर्ज पूर्ण भरला की शेवटचं बटन दाबायच्या आधी ती पडद्यावर दिसणारा नंबर आपल्या मोबाइलवरून लावायची. घंटी दुकानात वाजली तर बटन. नाही वाजली तर नाही. मोबाइल घरी विसरला असेल तर बाईला घरी पाठवायची, मग बाई कितीही चिडो. "घंटी वाजली की बटन," हे वाक्य गल्लीतल्या पोराटोरांनाही पाठ झालं होतं.

आता कोल्ह्यात खोडीही होत्या, आणि त्या लपवून काय उपयोग? अंगठा घेणाऱ्या यंत्राचं आणि त्याचं जुळत नसे, म्हणून पाटीवरची दुसरी ओळ. आठ-दहा पानं एकदम उघडली की जुनं मशीन दम लागल्यासारखं घुरघुरायचं. आणि विसरणं म्हणजे अगदी विसरणंच. एकदा गोगरीच्या एका बाईचा अर्धा तास भरलेला अर्ज लाईट गेल्याबरोबर नाहीसा झाला. लाईट आल्यावर कोल्ह्याला ना ती बाई आठवत होती ना तिचा अर्ज. कधी कधी एखाद्या साइटचं पान यावर नीट उघडतच नसे, कारण करणाऱ्यानं ते दुसऱ्या, सगळ्यांकडे असणाऱ्या ब्राउझरवरच तपासलेलं. पण लतीफापुढे असं काही बोलायची सोय नव्हती. आपल्या ताकाला कुणी आंबट म्हणत नाही, आणि ही तर दुसऱ्यालाही म्हणू द्यायची नाही.

"साइटच भंगार असन," ती म्हणायची. "माझ्या कोल्ह्यात दोष नाई."

हा ताठा तिला भोवणार होता, आणि भोवला तो लिलाबाईच्या पिंकीच्या वेळी.

लिलाबाई मानोऱ्याजवळच्या एका खेड्यातली. ती आणि तिचा नवरा देवमन दिवाळी झाली की ऊसतोडीला जात, ते उन्हाळ्यात परत. पिंकी त्यांची थोरली, मामाकडे राहून बारावी झालेली. तिला नर्स व्हायचं होतं. व्हायचं होतं म्हणजे काय, गावात ती अर्धी झालेलीच होती. गोळ्या थुंकून टाकणाऱ्या म्हाताऱ्यांना दम देऊन गोळ्या गिळायला लावणारी ती एकटीच. प्रवेशाची परीक्षा तिनं पार केली होती, गुण चांगले आले होते. आता फक्त कॉलेजांची पसंती भरून अर्ज पाठवायचा होता. पण मामाची बदली झाली होती. या वर्षी नाव लागलं नाही, तर पिंकीनंही कोयता घेऊन सोबत यायचं, असं घरात ठरलं होतं. ठरवताना देवमन रडला होता, हे लिलाबाईनं लतीफाला सांगितलं. पण ठरलं होतं.

त्या दोघी आल्या तो अर्जाचा शेवटचा दिवस. संध्याकाळी सहाला साइट बंद होणार होती. दाखल्यावरच्या एका सहीसाठी आधीचे चार दिवस गेले होते. आता दुपारचा एक वाजला होता.

"चिंता करू नको वो बाई," लतीफा म्हणाली. "अर्ध्या घंट्याचं काम हाय."

नाव भरलं, गुण भरले, कॉलेजं निवडली. फोटो चढवायची वेळ आली आणि पान अडलं. बटन दाबावं तर नुसता कोरा चौकोन दिसे. लतीफानं पान पुन्हा उघडलं. सगळं पुन्हा भरलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पडद्यावर एक ओळ आली की कृपया दुसरा ब्राउझर वापरा. लतीफाच्या जुन्या मशीनवर दुसरा ब्राउझर चढत नव्हता, अल्ताफनं ते आधीच करून पाहिलं होतं. तिनं आपल्या मोबाइलवर करून बघितलं, तर तिथं पान अर्धंच दिसे. लिलाबाईकडे साधा बटनांचा मोबाइल.

चौथ्यांदा. पाचव्यांदा. पिंकी नुसती भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती. लिलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

चार वाजले तेव्हा तय्यबनं मशीन थांबवलं. "लतीफा," तो हळू म्हणाला, "तौकीरकडे दुसरा ब्राउझर हाय."

"माहीत हाय मले."

"मंग?"

"मंग काय? त्याच्या मशीननं माझ्या पोरीचं वर्ष खाल्लं. आता या पोरीले बी तिथंच नेऊ?"

"अन् इथं बसून तूच खाऊन राह्यली, त्याचं काय?"

तय्यब असं कधी बोलत नाही. लतीफानं की-बोर्डवरचा हात उचलला. मग तिनं पिंकीकडे पाहिलं. पिंकीची मान अजून घड्याळाकडेच होती, पण डोळे भरले होते. जिकरा त्या दिवशी अगदी अशीच बसली होती. लतीफाला स्वतःची भयंकर लाज वाटली. आपण दुपारी दीड वाजताच खरं बोलायला हवं होतं, की माझ्या कोल्ह्याला हे जमत नाही. एवढंच तर वाक्य. ते वाक्य तोंडातून काढायला अडीच तास लागले होते.

"माझ्या कोल्ह्याच्यानं हे होत नाई, लिलाबाई," ती म्हणाली आणि उठली. "चाला. मी येते सोबत."

तौकीरच्या दुकानाला तीन पायऱ्या. लतीफा त्या चढली तेव्हा आतली पाच-सहा माणसं वळून बघायला लागली, कारण अख्ख्या गल्लीला ते भांडण माहीत होतं. तौकीर तर खुर्चीतून अर्धा उठलाच.

"खाला?"

"काम हाय. या लेकराचा अर्ज. सहाले साइट बंद होते."

तौकीरनं हातातलं काम बाजूला ठेवलं. रांगेतल्या माणसांना हात जोडून थांबवलं, पिंकीला खुर्ची दिली आणि कामाला लागला. खरं सांगायचं तर त्याचा ब्राउझर त्या साइटवर सुसाट चालला. फोटो चढला, सही चढली, दाखले चढले. लतीफाला बरंही वाटत होतं आणि हेवाही वाटत होता. नंबर विचारला, लिलाबाईनं सांगितला, तौकीरची बोटं टकटक चालली. वीस मिनिटांत अर्ज तयार. साडेचार झाले होते. त्याचं बोट शेवटच्या बटनावर गेलं.

"थांब," लतीफा म्हणाली.

तिनं आपला मोबाइल काढला आणि पडद्यावरचा नंबर एकेक आकडा बघून लावला.  लिलाबाईनं कमरेची पिशवी उघडून मोबाइल हातात घेतला आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. तो वाजला नाही.

लतीफाच्या कानात मात्र कुणीतरी फोन उचलला. मागे शेळ्या ओरडत होत्या. "हालो? कोन बोलून राह्यलं?"

"बाई, तुमी कोण?"

"मी गोमतीबाई. शेलूबाजारची. काहून?"

"काही नाई माय. चुकून लागला." लतीफानं फोन ठेवला आणि तौकीरकडे पाहिलं. "गोमतीबाई कोण?"

तौकीरचा चेहरा उतरला. "काल आल्ती. रेशनकार्डासाठी." त्यानं पडद्याकडे वाकून नंबर वाचला, लिलाबाईला पुन्हा विचारला. पहिले पाच आकडे तेच. पुढचे पाच मशीननं कालच्या आठवणीतून भरले होते. त्यानं मशीनला किंवा नशिबाला काही बोल लावला नाही. कपाळावर हात ठेवून तो म्हणाला, "जिकराच्या टायमाले बी हेच झालं, खाला."

"हेच झालं होतं."

"मले वाटलं होतं, चूक मशीनची, तुमी उगाच मले..." तो थांबला. "माफ करा, खाला. तिलेबी सांगा."

त्यानं तो नंबर पुसला आणि दहाच्या दहा आकडे स्वतः टाकले. लतीफानं पुन्हा फोन लावला. यावेळी लिलाबाईच्या हातातला मोबाइल एवढ्या जोरात वाजला की ती दचकली आणि तो तिच्या हातून सुटता सुटता राहिला. रांगेतला एक म्हातारा, ज्याला या सगळ्याचं काहीच देणंघेणं नव्हतं, तो मोठ्यानं म्हणाला, "वाजली! दाब आता!" आणि सगळं दुकान हसलं. तौकीरनं बटन दाबलं.

दुकानात परत आल्यावर लतीफानं कोल्हा उघडला. त्याच्या यादीत एक खूण आहे, एखादी साइट नीट चालत नसेल तर करणाऱ्यांना कळवायची. तीन वर्षांत तिनं ती कधी दाबली नव्हती, कारण तिच्या मते कोल्ह्यात दोष नव्हताच. आज तिनं तिथं मराठीत लिहिलं. फोटोचं बटन दिसत नाही, पाच वेळा केलं, एका मुलीचं वर्ष जात होतं. खाली नाव लिहायची गरज नव्हती, तरी तिनं लिहिलं. लतीफा, मंगरूळपीर.

"कोणी वाचन काय?" तय्यबनं विचारलं.

"नाई वाचलं त नाई. आपण सांगतलं ना."

तौकीर दोन दिवसांनी वही घेऊन आला. मशीनला विसरायला कसं लावायचं ते विचारायला. लतीफानं शिकवलं. शिकवताना दोनदा रागावली, पण ते तिचं नेहमीचंच. त्याच्या ब्राउझरलाही विसरायला लावता येतं, हे तिला त्या दिवशी नव्यानं कळलं आणि मनातून जरा खट्टूही झाली. इतके दिवस तिला वाटत होतं, हा गुण एकट्या कोल्ह्याचा. आता तौकीरच्या दुकानातही बटन दाबायच्या आधी घंटी वाजते. चौकातून जाताना लतीफाच्या कानावर ती पडली की तिची चाल जरा हळू होते.

यादी लागायची होती त्या दिवशी तिचं कामात लक्ष नव्हतं. दोन अर्जांत गावाचं नाव चुकलं, तय्यबनं चहा दिला तो तसाच गार झाला. अकराच्या सुमाराला तिचा मोबाइल वाजला. तिच्या मोबाइलमध्ये गिऱ्हाइकांचे नंबर साठवलेले नसतात, पण हा नंबर तिनं आकड्या-आकड्यानं लावला होता, तो तिला पाठ होता. ती फोनकडे पाहत राहिली. उचलेना.

"उचल ना!" तय्यब म्हणाला.

"वाजू द्या घडीभर," ती म्हणाली. तिला भीती वाटत होती, आणि ती तिनं लपवली नाही. मग उचलला.

"आपा!" पिंकी ओरडत होती. "मेसेज आला! अकोल्याले लागला नंबर! सरकारीत!" मागे लिलाबाई रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं. मग फोनवर देवमन आला. त्याला बोलायचं होतं, पण तो "आपा, आपा" एवढंच म्हणत राहिला. लतीफानं डोळ्याला ओढणी लावली आणि चांगली हुंदके देऊन रडली. गिऱ्हाइक समोर बसलं होतं, तरी रडली.

दिवाळीनंतर एकदा तिनं सहज ती साइट कोल्ह्यावर उघडून पाहिली. फोटोचं बटन जागच्या जागी होतं. आपल्या चिठ्ठीनं झालं की साइटवाल्यांनाच अक्कल आली, हे तिला माहीत नाही. तय्यब मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की माझ्या बायकोनं दुनियेची शिलाई दुरुस्त केली. अंगठ्याचं यंत्र अजूनही जुळलेलं नाही, आणि मशीन घुरघुरायचं थांबलेलं नाही.

त्या रविवारी जिकरा पाटी घेऊन बसली. पाटीचा रंग उडाला होता, अक्षरं पुन्हा गिरवायची होती. तिन्ही ओळी तिनं गिरवल्या. मग खाली रिकामी जागा उरली होती, तिकडे बघून तिनं विचारलं, "अम्मी, इथं अजून काही लिहू?"

लतीफानं रंगाचा डबा तिच्याकडे सरकवला. जिकराच मग ब्रश बुडवून लिहायला लागली. लिहून झाल्यावर तिनं पाटी आईपुढे उभी धरली. चौथी ओळ ओली होती. जे काम येथे होत नाही, ते चौकात तौकीरकडे करून मिळेल.

लतीफानं ती दोनदा वाचली. "अक्षर बरं आलं," ती म्हणाली, आणि खिळा ठोकायला तय्यबला हाक मारली.